शिंदेवहिनींचं वॉशिंग मशीन

आमच्या बिल्डिंगमध्ये ड्रम, टाक्या आणि किस्से भरपूर असतात. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही लहर आली तर! मधल्या दिवसांत आम्ही नवनवीन गॅजेट्स आणतो आणि गोंधळून बसतो. मी सेक्रेटरी, त्यामुळे प्रत्येक गोंधळ आधी माझ्या दारात येतो.

त्यातच वरच्या शिंदेवहिनींच्या मुलीला, पूजाला बघायला मुलाकडचे येणार होते. पूजाला मुलगा मनापासून आवडलेला, फक्त त्याच्या आईचा होकार बाकी. पाहुण्यांसमोर घरात पाणी नाही असं दिसलं तर स्थळ हातचं जाईल, ही वहिनींची धास्ती.

*

म्हणून त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून फुल ऑटोमॅटिक मशीन आणलं. फ्री सर्व्हिसला आलेल्या मेकॅनिकनं झाकण उघडलं, तर आत नुसतं स्वच्छ पाणी!

"कपडे कुठायत?"

"ते मी हातानं धुते. ह्यात पाणी साठवलंय. साबणाचा थेंब लागू दिला नाय अजून!"

त्यानं सवयीनं बटण दाबलं. सगळं पाणी मोरीत!

"आरं, मशीन बघाया आला का आमाला तहानेनं माराया?"

पुढच्या पाण्याला वहिनींनी मशीन परत भरलं आणि बटणांवर चिकटपट्टी लावली.

*

तळमजल्यावरच्या कुलकर्णीकाकांना मुलानं बोलणारा स्पीकर पाठवला. काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पाणी कधी येणार?"

"आज पावसाची शक्यता नाही."

"अगं बाई, नळाला!"

"उद्याही आकाश निरभ्र राहील."

काका मला म्हणाले, "हिला वरचं सगळं कळतं गं. खालचं काही कळत नाही."

*

मग काकांनी दाराचा कॅमेरा आणला आणि लावला खालच्या सामायिक नळासमोर! एकदा मी बादली घेऊन तिथं गेले, तर भिंतीतून आवाज, "नळ नीट बंद कर!"

माझ्या हातून बादलीच सुटली.

"घाबरू नकोस, मी पुण्यात आहे!" कॅमेऱ्यातून काका बोलत होते.

*

शेवटी काकांनी सेन्सर बसवला. पाणी आलं की सगळ्यांना फोन जाणार. पाहुणे रविवारी येणार होते. शनिवारी काकांचा ग्रुपवर मेसेज: "या नंबरवरून सारखे कॉल येत आहेत. फ्रॉड आहे. ब्लॉक करा." आम्ही सगळ्यांनी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि ब्लॉक केलं.

तो नंबर सेन्सरचाच होता! पाणी येऊन गेलंसुद्धा.

"मग त्यानं आधी नाव सांगायचं ना!" काका उलट माझ्यावरच चिडले.

रविवारी वहिनींच्या घरात हंडे कोरडे, जारवाला फोन उचलेना. पाहुणे बाहेर बसलेले. मी स्वयंपाकघराच्या दारात पहारा देत होते आणि वहिनी चहासाठी मशीनमधून पातेलं भरून घेत होत्या. तेवढ्यात मुलाची आई, "घर बघते हं," म्हणत माझ्या बाजूनं थेट आत!

वहिनींचा हात पातेल्यासकट मशीनमध्येच राहिला.

बाईंनी वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मोठा सुस्कारा सोडला.

"तुमी हुशार, विहीणबाई. आमी येड्यावानी फ्रंट लोड घेऊन बसलो. दार उघडलं की समदं पाणी घरभर!"