राखणदाराचा द्रोण

तुमच्या दारात करवंदे घेऊन येणाऱ्या बाईला तुम्ही कधी तिचे नाव विचारले आहे काय?

मी विचारले नाही. सात उन्हाळे ती आमच्या कल्याणच्या घरी येत होती. मलंगगडाच्या पायथ्याशी ठाकरांचा एक पाडा आहे, तिथून ती पहाटे निघे आणि ऊन तापायच्या आत आमच्या आळीत पोचे. डोक्यावर पाटी, पाटीत कुड्याच्या पानांखाली झाकलेली करवंदे, आणि डाव्या भुवईवर काट्याने ओढलेला एक जुना व्रण. करवंदांच्या बदल्यात ती तांदूळ नेई.

आमच्या घरात करवंद खाण्यापेक्षा बोलण्यात जास्त येई. कुणाचे डोळे सुंदर म्हणजे करवंदासारखे. शाई चांगली उतरली म्हणजे करवंदाच्या रंगाची. धाकटी बहीण सावळी, म्हणून आत्या तिला "आमचं करवंद" म्हणे आणि बहीण रडू लागली की तिच्या तोंडात एक खरे करवंद कोंबून तिला गप्प करी.

आई करवंदे कशी घेई, तेही सांगतो. ओटीखाली सूप ठेवलेले असे. बाईने लांबूनच पाटी त्यात रिकामी करायची. मग आई वरून पाणी शिंपडी आणि मगच सुपाला हात लावी. मी वाचायला शिकलो ते चुलत्यांनी जमवलेल्या सुधारणेच्या चोपड्यांवर. जातिभेद, शिवाशीव, लाचलुचपत, सगळ्यांवर एकेक चोपडी होती आणि मला त्या सगळ्या पाठ होत्या. सोळाव्या वर्षी एक दिवस मी आईच्या देखत ओटीवरून खाली उतरलो आणि बाईसमोर हात पसरला.

"अरे ए! विटाळ झाला!" आई आतून ओरडली.

बाई हसू लागली. "आय मारंल रं दादा तुला." पण तिने माझ्या तळहातावर एक करवंद ठेवले. "कोंबडा का कोंबडी? आधी सांग, मग खा."

हा आपल्याकडचा पोरांचा खेळ. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. मी म्हणालो, "कोंबडा." निघाली कोंबडी. "एवढा शिकला, न् येवढं कळंना," ती म्हणाली. त्या दिवशी आईने मला अंघोळ केल्याशिवाय घरात घेतले नाही. मला मात्र वाटले, मी जग बदलले.

त्यानंतर ती आली की मी तिच्याशी बोलत बसे. एकदा तिची पाटी काठाच्या बरीच खाली होती. मी कारण विचारले.

"राखणदाराचा द्रोण गेला ना त्यात," ती म्हणाली. रानावर सरकारचा पहारा बसला होता. परवानगीवाचून आतला पाला उचलायचीसुद्धा मनाई होती.

"तो लाच घेतो?"

"लाच काय, करवंदं घेतो! लय आवडतात त्याला. पाड्यातल्या दर बाईचा एक द्रोण. खातो, बोटाचा चीक धोतराला पुसतो न् आंब्याखाली आडवा होतो. तो घोरू लागला की आम्ही जाळीत शिरतो." आणि तिने त्याचे घोरणे असे हुबेहूब करून दाखवले की बहीण हसून हसून ओटीवर लोळली.

मी हसलो नाही. माझे डोके पेटले होते. आमच्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकात एक धडा होता. विलायतेतली मुले कुंपणाच्या काटेरी झुडपांतून ब्लॅकबेरी तोडतात, जांभळ्या तोंडांनी घरी येतात, आई त्यांचा मुरंबा करते. मास्तर म्हणाले होते, "त्यांची करवंदंच समजा. काटे तेच, रंग तोच, आणि कुणी विचारत नाही." राणीच्या मुलखात झुडपे मोकळी, आणि आमच्या रानात गरीब बाईने लाच द्यायची! त्याच दुपारी मी ठाण्याच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिले. खरे ते सगळे लिहिले. कोणता पाडा, कोणती वाट, आंब्याखालचा राखणदार, आणि हे सांगणारी 'डाव्या भुवईवर काट्याचा व्रण असलेली एक स्त्री'. पत्र छापून आले तेव्हा मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवले.

तिने तांदळाची गाठ बांधता बांधता हात थांबवला. "मी तुला सांगितलं, ते तू कागदाला सांगितलंस?"

"अन्याय उघडा पडला पाहिजे," मी म्हणालो.

ती पाटी उचलून गेली. तेच मी तिला शेवटचे पाहिले.

पंधरा दिवसांत चौकशी झाली. राखणदार गेला. त्याच्या जागी आलेला माणूस सचोटीचा होता. त्याने कुणाकडून द्रोण घेतला नाही आणि एकाही बाईला जाळीत शिरू दिले नाही. कोयते जप्त केले, पाट्या वाटेवर उपड्या केल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या आळीत त्या पाड्याचे एक करवंद आले नाही.

मी पाड्यावर गेलो. एका झोपडीपुढे चार-पाच बायका नाचणी पाखडत होत्या. मी व्रणाची खूण सांगितली.

"ती? घालवली तिला," त्यांतली म्हातारी म्हणाली. "चुगली केली तिनं शहरात, चौकशीच्या सायबानं भुवईची खूणच सांगितली. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना, मग ऱ्हाते कशी? पोरीला कडेवर घेतलं न् गेली."

तिला पोरगी होती, हे मला तिथे कळले.

"तिने काही केले नाही. मी लिहिले. तिला न विचारता," मी म्हणालो. खिशातले पत्र काढून पुढे धरले.

म्हातारीने ते हातातसुद्धा घेतले नाही. "कागद काय, कसाबी बोलतो. तू भला पोर आहेस, तिच्यासाठी खोटं बोलतोस. जा घरी."

मुंब्र्याच्या दगडाच्या खाणीवर पाहिले, ठाण्याच्या मिठागरांवर पाहिले. नाव ठाऊक नसलेल्या माणसाला हाक तरी काय मारायची? मी भुवई दाखवून विचारत फिरलो आणि लोक माझ्याकडे वेड्यासारखे पाहत राहिले. दुसरे पत्र लिहिले, सगळा दोष माझ्यावर घेऊन. ते छापले गेले नाही. चोपड्यांत सगळे होते. ज्याच्यासाठी लिहायचे त्याला आधी विचारावे, एवढे कुठल्याच चोपडीत नव्हते.

यंदा त्या पाड्याच्या काही बायका लांबच्या वाटेने पुन्हा येऊ लागल्या आहेत. मला पाहिले की त्या आळी बदलतात. पण तुमच्या दारी त्या येतील. कल्याणात, ठाण्यात, डोंबिवलीच्या वाटेवर, जिथे त्या पाटी उतरवतील तिथे त्यांना बसवा, पाणी द्या आणि सांगा: तुमच्या बाईने चुगली केली नाही, एका शहाण्या पोराने तिला न विचारता लिहिले. माझ्या एकट्याच्या तोंडचे त्यांना खरे वाटले नाही. दहा दारांतून तेच ऐकले, तर तिला परत बोलावतील. एवढे माझ्यासाठी नको, तिच्यासाठी करा.