चाकातली साखर आणि केकमधले छर्रे

मी प्लांटच्या स्टोरमध्ये कामाला होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्याचं कुणाला फार नवल वाटणार नाही.

भिलाईत तेव्हा सगळंच अर्धवट उभं होतं. भट्ट्या अर्ध्या, चिमण्या अर्ध्या, आणि आमच्या क्वार्टरचं कुंपण तर पावसुद्धा नाही! प्लांट उभारायला रशियाहून इंजिनीयर आले होते. त्यातल्या एका साहेबांची बायको, तमाराबाई, माझ्या बायकोची मैत्रीण झाली. कशी झाली हे मला विचारू नका. सुमनला रशियन येत नव्हती, तमाराबाईंना मराठी येत नव्हती. (हिंदी दोघींनाही सारखीच येत होती, म्हणजे येत नव्हती.) बाजारात भेंडीच्या ढिगापाशी दोघींची ओळख झाली आणि मग तासन्‌तास गप्पा सुरू झाल्या. मी मधे बसून दोघींच्या तोंडाकडे बघत राहायचो. मला एकीचंही कळत नसे.

या गप्पांतून तमाराबाईंनी सुमनला केक सजवायला शिकवलं. गोड म्हणजे पुरण, एवढंच जिला तुमसरच्या माहेरी ठाऊक होतं, ती माझी बायको लोण्यासाखरेचे गुलाब काढायला लागली. पाकळ्या अशा, की माशीसुद्धा फसून बसायची!

मग साहेबांचं इथलं काम संपलं आणि त्यांचं मायदेशी जायचं ठरलं. जाण्याआधी तमाराबाईंनी आपलं केक सजवायचं सगळं सामान सुमनला देऊन टाकलं. पितळेच्या बारीक तोट्या, त्या बसवायच्या कापडी पिशव्या, खायचे रंग आणि चांदीसारख्या चकचकणाऱ्या साखरेच्या गोळ्या. सुमनने ते सामान आधी देवापुढे ठेवलं, नमस्कार केला आणि मला म्हणाली,

"निरोपाच्या दिवशी केक मीच नेईन. एकटीनं केलेला. बाईनं बोट नाई लावाचं त्याले. एकडाव त्यायनं पाहून 'खराशो' म्हटलं, का मी जितली."

खराशो म्हणजे छान. एवढं रशियन आमच्या सेक्टरमधल्या गाईंनाही कळत होतं. पण तमाराबाई हा शब्द सहजासहजी काढायच्या नाहीत. वर्षभर त्यांनी सुमनचा प्रत्येक गुलाब चमच्याने खरवडून काढला होता आणि पुन्हा करायला लावला होता. निरोपाचा केक ही शेवटची संधी होती, आणि सुमन त्या काळजीने जेवेनाशी झाली होती.

अशा वेळी शहाणा नवरा गप्प बसतो. मी स्टोरवाला होतो!

ते मौल्यवान सामान घरात कसं पडलं होतं म्हणता? तोट्या चमच्यांत, रंग हळदीपाशी, साखरेच्या गोळ्या पोह्यांच्या डब्यात. माझ्याने बघवेना.

"अवो, राहू द्या नं," सुमन म्हणाली. "मले सप्पा माहीत आहे कोनतं कुठं आहे ते."

"तुले माहीत असून काय होते? उद्या तू नसली त मानसानं कसं शोधाव?"

"मी कुठं जाऊन राहिली?"

"तसं नाई. पन सिस्टीम म्हणून काई असते का नाई?"

आमच्या स्टोरची सिस्टीम फार सुंदर होती. एकाच मापाचे डबे, आणि आकाराला आकार, रंगाला रंग लावून माल ठेवायचा. नाव कशालाही नाही, फक्त नंबर. मी ओळखीच्या मेसमधून सिगारेटचे रिकामे गोल डबे आणले. सगळे डिट्टो एकसारखे! घासून पुसून लख्ख केले. पत्र्याचे छोटे बिल्ले कापले, त्यांवर नंबर ठोकले आणि एकेका झाकणावर एकेक बिल्ला डकवला.

"नाव कावून नाई लिवलं?" सुमनने विचारलं.

"स्टोरमंधी नाव नसते. खिळा असो का इंजिन, नंबर."

"मंग कोनत्या नंबरात काय आहे हे कोन सांगन?"

"मी सांगन नं!"

तिने कपाळाला हात लावला. मी त्याचा अर्थ कौतुक असा घेतला.

आता सिस्टीम लावायचीच तर ती केकपुरती कशाला ठेवायची? मी अख्ख्या घराचा माल त्यात घेतला. पिठीसाखरेशेजारी रांगोळी आणि दंतमंजन, कारण तिन्ही पांढरी. खायच्या लाल रंगाशेजारी कुंकू. केकच्या तोट्यांच्या जोडीला माझ्या सायकलच्या पंपाची तोटी. आणि चांदीच्या साखरगोळ्यांच्या शेजारच्या डब्यात सायकलचे छर्रे. (चाक गरगर फिरावं म्हणून आसाभोवती पोलादाच्या बारीक गोळ्या बसवतात ना, त्या. दुर्गच्या बाजारातून नुकत्याच आणल्या होत्या, नव्या कोऱ्या.) दोन्ही डबे उघडे करून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा तो सारखेपणा बघून मला अगदी भरून आलं.

निरोपाचा दिवस उजाडला. सुमनने सिगडीवर पातेल्यात रेती तापवून केक आदल्या दिवशीच भाजून ठेवला होता. सकाळी तिने सगळे डबे ओट्यावर घेतले. भिलाईत त्या काळी रोज सकाळी घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल धूळ बसलेली असायची, म्हणून तिने झाकणं काढली, डबे पुसले, झाकणं पुसली, आणि पुन्हा लावून टाकली. अंगणात मी सायकलचं मागचं चाक खोलून बसलो होतो. पार्टीला जायचं तर सायकल गुळगुळीत चालायला हवी!

"सुमन, सात नंबर दे!" मी ओरडलो. सात म्हणजे छर्रे. तिने सात नंबरचा डबा आणून दिला. मी त्यातल्या चकचकीत गोळ्या मूठभर काढल्या, ग्रीसमध्ये बुडवल्या आणि चाकात भरल्या. डबा परत दिला. ग्रीसमध्ये बुडल्यावर सगळ्याच गोळ्या काळ्या दिसतात, एवढंच इथे नोंदवून ठेवतो.

थोड्याच वेळात आतून हाक आली, "अवो! पिठीसाखरेत रांगोळी कशी आली?"

"येऊच शकत नाई. चार नंबर म्हणजे पिठीसाखर!"

"चारच उघडला! चाटून पाहा!"

मी चाटून पाहिलं. रांगोळी होती. मग पाच नंबर चाटला, ते दंतमंजन निघालं. मी चक्रावलो. माझी सिस्टीम चुकणं शक्यच नव्हतं, आणि जिभेचं म्हणणं वेगळं पडत होतं! मी एकेक डबा उघडून चाटत सुटलो. घरातली एकही पांढरी वस्तू मी सोडली नाही. तेवढ्यात सुमनने पिशवी दाबली, आणि गुलाबाच्या ऐवजी केकवर जाडजूड दोरी पडली. पिशवीला पंपाची तोटी लागली होती!

"काय करून ठेवलं जी हे?" ती खालीच बसली. डोळ्यांत पाणी. "बाई चालल्या. पुन्हा कधी दिसतीन का त्या मले? त्यायच्यापुढं असा केक नेऊ?"

मला खरंच फार वाईट वाटलं. इतकं, की सिस्टीमबद्दल मी अर्धा तास एक अक्षर बोललो नाही.

पण माझी बायको मूळची खमकी. तिने पदर खोचला, मला स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि प्रत्येक डबा स्वतः हुंगून, चाखून कामाला लागली. दोरी खरवडली. पांढऱ्या केकवर लाल गुलाब उमलायला लागले. चाखावा लागला नाही असा एकच डबा होता, चांदीच्या गोळ्यांचा.

"हे तरी डोळ्यानं दिसून राहिलं," ती म्हणाली, आणि प्रत्येक गुलाबाच्या मधोमध एकेक चकचकीत गोळी बसवली. केक असा देखणा झाला, की मी दारातून नुसता बघत राहिलो.

संध्याकाळी सुमन केक मांडीवर घेऊन रिक्षात बसली. मागून सायकलवर मी, आणि माझ्या कॅरियरवर शेजारचा मेश्राम. मेश्राम रेल्वेत होता, त्याची ड्युटी त्याच बाजूला होती. जरा अंतर गेलो आणि माझ्या चाकातून आवाज यायला लागला. आधी कुर्र कुर्र, मग कचाकच, आणि मग चाक फिरेचना. रिक्षा दूर निघून गेली.

"थांब बे, पाहू दे," मेश्राम म्हणाला. त्याच्याकडे पाना होता. त्याने चाक खोललं. आत छर्रे नव्हतेच! नुसता काळपट, रवाळ गाळ होता.

"गड्या, हे काय भरलं तू?"

सकाळपासून मला चाटायची सवय झालेलीच होती. मी बोट लावलं आणि चाटलं.

"मेश्राम," मी म्हणालो, "चाक गोड लागून राहिलं."

"येडा झाला का?"

"खरंच गोड आहे. चाटून पाहा!"

त्याने चाटलं नाही. त्याने मला शांतपणे खाली बसवलं आणि सगळी हकीकत विचारली. डबे, नंबर, बिल्ले, सुमनने केलेली पुसापुशी, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला,

"अबे, बिल्ला डब्याले लावतेत का झाकनाले? सप्पे झाकन सारखे, वयनीनं पुसून कोनतंही कोनाले लावलं अशीन!"

मी उठून उभा राहिलो. साखर चाकात आली. मग छर्रे कुठे गेले? मेश्रामने माझ्याकडे पाहिलं, मी मेश्रामकडे पाहिलं.

"पळ!" तो ओरडला.

मी सायकल त्याच्या गळ्यात टाकली आणि धूम ठोकली. साहेबांच्या घरी पोचलो तेव्हा मी धुळीने डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो होतो. खोली पाहुण्यांनी भरलेली, मधोमध टेबलावर केक, तमाराबाईंच्या हातात सुरी! त्या केककडे बघत होत्या आणि अजून काहीच बोलल्या नव्हत्या. सुमन हात जोडल्यासारखी उभी होती.

बोलणं समजावून देणारा दुभाषी आलाच नव्हता. त्याची बस कुम्हारीला बंद पडली होती. माझं रशियन दोन शब्दांचं. एक खराशो आणि दुसरा न्येत, म्हणजे नाही.

"न्येत! न्येत!" मी ओरडलो.

इतका सुंदर केक कापू नका असं मी म्हणतोय, अशी सगळ्यांची समजूत झाली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दाताकडे बोट दाखवलं, तर कुणीतरी भुकेला समजून माझ्या हातात पाव दिला. मी चाक कसं फिरतं ते हातापायांनी करून दाखवलं. त्यांना वाटलं मी नाचतोय, आणि साहेबांनी ताल धरला! शेवटी मी नाचत नाचतच सुमनपाशी गेलो.

"गुलाबात छर्रे आहेत," मी तिच्या कानात म्हणालो.

ती पांढरीफटक पडली. तोवर सुरी केकमध्ये उतरली होती.

"खाऊन टाका," ती दातओठ खात पुटपुटली. "जितके गुलाब होतीन तितके तुमीच खाऊन टाका!"

नवऱ्याच्या प्रेमाची याहून मोठी परीक्षा कुणी घेतली नसेल. तमाराबाईंनी पहिला तुकडा मान म्हणून मलाच दिला, तो मी गपकन तोंडात टाकला. चावण्याची सोय नव्हती, नुसता गिळला. मग शेजारच्या ताटलीतला गुलाब उचलला. मग समोरच्या बाईंचा. लोक आदबीने बाजूला सरकत होते. (आमच्याकडे अशीच पद्धत असावी असं त्यांना वाटलं असणार.) पण एकटा माणूस भरल्या खोलीत किती गुलाबांना पुरा पडणार?

टण्ण!

साहेबांच्या तोंडातून आवाज आला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. नशीब एवढंच, की त्यांचा नेमका तोच दात पोलादी होता! त्यांनी तोंडातून छर्रा काढला, पुसला, उजेडात धरला, बोटांत फिरवला. सुमनने डोळे मिटून घेतले. मी भिंतीला टेकलो.

"भिलाई!" साहेब गरजले, आणि छर्रा उंच धरून खो खो हसायला लागले. "भिलाई!"

पोलादाच्या गावाचा केक, म्हणून गुलाबाच्या पोटात पोलाद! मुद्दाम घातलंय, निरोपाची भेट म्हणून! मग काय, सगळे आपापल्या तुकड्यात चमचे घालून छर्रे शोधायला लागले. ज्याला सापडला तो लहान मुलासारखा ओरडायचा आणि रुमालात बांधून ठेवायचा. तमाराबाईंनी आपला छर्रा मुठीत घट्ट धरला, सुमनला मिठी मारली आणि रडत रडत म्हणाल्या, "खराशो, सुमन. खराशो, खराशो!"

सुमनही रडली. मी पण रडलो, पण माझं कारण थोडं वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझं पोट दाबून पाहिलं, केळी खायला सांगितली आणि वाट बघायला सांगितली. सगळा सेक्टर येता-जाता चौकशी करत होता. मेश्राम तर दारातूनच विचारायचा, "माल निघाला का बे?" सुमन डोक्याला हात लावून बसलेली. मी मात्र पलंगावर निवांत पडून होतो. घरातली एखादी वस्तू नेमकी कुठे ठेवली आहे, हे मला पोटावर हात ठेवून सांगता येण्याची माझ्या संसारातली ती पहिली आणि शेवटची वेळ!