कॉलनीतले अंकल

गेल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून एक गेम केला. त्यातला आवाज माझ्या बाबांचा होता, आणि तो वापरायच्या आधी मी त्यांना विचारलं नव्हतं.

गेम जॅम म्हणजे एक शर्यतच असते. शुक्रवारी संध्याकाळी विषय सांगतात आणि रविवारी दुपारपर्यंत त्यावर एक छोटा, खेळता येईल असा गेम शून्यापासून उभा करायचा. आमच्या इंदूरच्याच एका कॉलेजच्या हॉलमध्ये ही जॅम होती. मी एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. एकदा तरी आपलं स्वतःचं काही बनवावं असं मला फार वाटायचं. सोबत कॉलेजातली एक मैत्रीण होती, महूची. ती चित्रं काढणार होती. तिसरा माझ्या ऑफिसातला एक सहकारी, कोडिंग त्याच्याकडे. गेम कसा खेळायचा ते ठरवणं आणि आवाज माझ्याकडे.

विषय निघाला ‘शांतता’.

मला पाच मिनिटांत सुचलं. घरात बाळ झोपलंय. आजोबा फोनवर बोलतायत, इतक्या मोठ्यानं की प्रत्येक वाक्यासरशी फळीवरची स्टीलची भांडी हलतात आणि घरंगळतात. खेळणाऱ्यानं ती जमिनीवर आपटायच्या आत झेलायची. बाळ उठलं की खेळ संपला. दोघं ऐकतानाच हसायला लागले.

“पण ऐसी आवाज मिलेगी कहाँ?” सहकाऱ्यानं विचारलं.

“आहे माझ्याकडे,” मी म्हणाले.

आमच्या घरी बाबा फोनवर बोलायला लागले की समोरच्या काकू खिडकी लावून घेतात. लहानपणी शाळेच्या पालकसभेला बाबा यायचे. ते बाईंना काही विचारायचे आणि सगळा वर्ग वळून बघायचा. आठवीपासून मी आईलाच पाठव म्हणून हट्ट धरला. बाबांनी का म्हणून कधी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मी हॉलच्या जिन्यात जाऊन घरी फोन लावला. रेकॉर्डिंग सुरू केलं होतं.

“हां बेटा! बोल! जेवलीस का?”

सकाळचे नऊ वाजले होते. मी मुद्दाम हळू आवाजात म्हणाले, “बाबा, गॅसचा नंबर लावलात का?”

“काय? आवाज नाही येत आहे, बेटा! जोर से बोल!”

मी आणखी हळू बोलले. ते आणखी मोठ्यानं. दहा मिनिटं मी त्यांना असं बोलत ठेवलं. मुलीनं कामाच्या गडबडीत आपण होऊन फोन केला म्हणून ते खुशीत होते, हे मला कळत होतं. शेवटी म्हणाले, “चल, तू तुझं काम कर. टेन्शन नको घेऊस. अच्छाच बनेगा.” तेही रेकॉर्ड झालं. ते मी कापून टाकलं, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मैत्रिणीला मी बाबांचं वर्णन करून सांगितलं आणि तिनं आजोबा काढले. बनियन, पट्ट्यांचा पायजमा, दोरीला अडकवलेला चष्मा, आणि कानामागे धरलेला हाताचा तळवा. तो तळवा मीच, बाबांची लकब म्हणून, आवर्जून सांगितला होता. चित्र पुरं झाल्यावर तिनं विचारलं, “काकांना सांगितलंयस ना ग?”

“हो, त्यांना मजा वाटली,” मी म्हणाले.

इतकं सहज खोटं बोलले की मलाही त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी दुपारी हॉल लोकांसाठी उघडला. आमच्या टेबलाशी रांग लागली. खेळणाऱ्याला हेडफोन होता, बाकीच्यांसाठी बाजूला स्पीकर. “आवाज नाही येत आहे, जोर से बोल!” या वाक्याला भांड्यांची अख्खी फळी कोसळायची, आणि त्या वेळी रांगेतली पोरं एका सुरात ते वाक्य म्हणायची. परीक्षकांपैकी एक मॅडम बंगळुरूहून आल्या होत्या, गेमच्याच धंद्यातल्या. त्यांनी दोनदा खेळून पाहिलं. म्हणाल्या, “ये एक्टिंग तो नहीं लगती. कौन हैं ये?”

बाबा आहेत, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. पण मागे ती पोरं हसत होती, आणि त्या हसण्यातला माणूस माझा आहे असं सांगायचा मला धीर झाला नाही.

“हमारी कॉलनी में एक अंकल हैं,” मी म्हणाले.

अर्ध्या तासानं दारातून आई-बाबा आत आले. बाबांनी लग्नाकार्याला घालतात तो शर्ट घातला होता, इस्त्री केलेला. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती आनंदानं म्हणाली, “मीच फोन केला काकूंना. म्हटलं काकांच्या आवाजाचा गेम आहे, या ना बघायला.”

तिला तरी काय बोलणार? ती माझ्या शब्दावर विसंबून होती.

रांगेतल्यांनी बाबांना पुढे जागा दिली. ते खुर्चीत बसले, हेडफोन लावला, आणि पुढ्यातल्या बटणांवर दोन बोटं ठेवून पडद्याकडे बघत राहिले. एकही भांडं त्यांना झेलता आलं नाही. बाळ उठलं, खेळ संपला. परत लावला, परत तेच. मागे लोक हसत होते. तिसऱ्या वेळी ते पडद्याच्या जवळ वाकले, आजोबांकडे नीट पाहिलं, हेडफोन काढला आणि म्हणाले, “अरे! हा तर मी आहे!”

सगळ्या हॉलला ऐकू गेलं. आवाज तोच. सगळे जोरात हसले, टाळ्या वाजवल्या. त्या मॅडम हात पुढे करून आल्या आणि बाबांच्या अगदी समोर उभं राहून म्हणाल्या, “अच्छा, तो आप हैं वो कॉलनी वाले अंकल!”

ते बाबांना ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जास्त वेळ नाही, जेमतेम दोन सेकंद. मग मॅडमचा हात हातात घेऊन म्हणाले, “हाँजी. इनके पड़ोस में ही रहता हूँ. बड़ी होशियार बच्ची है.”

आई शेजारी उभी होती. मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. आणि मी, अजूनही, काही बोलले नाही.

आम्हाला प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस मिळालं. मी स्टेजवर गेले तेव्हा बाबा शेवटच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते, बाकीचे थांबल्यावरही. मैत्रीण स्टेजवर आलीच नाही. नंतर सामान आवरताना एवढंच म्हणाली, “तू मला खोटं सांगितलंस ते एक वेळ जाऊ दे. पण मी ज्या माणसाचं चित्र काढलं तो माणूस परवानगी देऊन आपल्यासोबत हसतोय, असं समजून मी काढलं होतं.” त्यानंतर आम्ही एकत्र काही केलेलं नाही.

घरी जाताना रिक्षात बाबांनी त्या विषयाला हातच लावला नाही. अशा गेमसाठी कॉम्प्युटर किती मोठा लागतो, असं काहीतरी विचारत राहिले.

मग आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, घर शांत झालंय. बाबांचा फोन वाजला की ते तो आईकडे द्यायचे. दाराशी कुणी आलं तर मान हलवून, हातानं ‘बसा’ म्हणायचे. जेवताना काही हवं असलं तर ताटाकडे बोट दाखवायचे. बोललेच तर इतकं हळू की शब्द तोंडातच राहायचे. एके दिवशी मी ऑफिसला निघताना आई भाजी निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “दुकानातही बोलत नाहीयेत म्हणे. शेठजींनी मला विचारलं, तबियत ठीक है ना भिया की.”

बाबा बडा गणपतीजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असतात. त्याआधी ते कापडाच्या मिलमध्ये होते, हे मला माहीत होतं. मिल माझ्या जन्माआधीच बंद पडली, म्हणून मी कधी त्याबद्दल विचारलं नव्हतं. त्या दिवशी आईनं सांगितलं. अठराव्या वर्षी ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले. एका छताखाली शेकडो लूम, आठ-आठ तास. शेजारच्या माणसाला हाक मारली तरी कळायची नाही. सगळे ओठांवरून बोलणं ओळखायचे नाहीतर हातानं खुणा करायचे. आमच्या आजीनं आईला लग्नाआधीच सांगितलं होतं की लूमच्या आवाजानं मुलाला कमी ऐकू येतं.

“ते मोठ्यानं बोलत नाहीत ग,” आई म्हणाली. “त्यांना स्वतःचा आवाज तेव्हा कुठे आपल्याइतका ऐकू येतो.”

पंचवीस वर्षं त्या घरात राहून हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मी पगार घेते.

मी त्याच दिवशी तो गेम वेबसाइटवरून काढून टाकला. सहकाऱ्याला कारण सांगितलं. तो म्हणाला, “यार, मुझे तो पता ही नहीं था,” आणि त्याच्याकडची प्रतही पुसली. पण लोकांनी आधीच उतरवून घेतला होता, तो कुठे कुठे आहे कोण जाणे.

रविवारी सकाळी बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी वेताचा मोढा ओढून त्यांच्यासमोर बसले, तोंड दिसेल अशी.

“बाबा, मी फार वाईट वागले. तुम्हाला न विचारता आवाज घेतला. आणि तिथे तुम्हाला ओळख दिली नाही.”

त्यांनी पेपरची घडी केली.

“गेम चांगला होता,” मग हळूच म्हणाले. “एक सांग. ते भांडं कोणत्या बाजूनं पडणार, हे बाकीच्यांना कसं कळत होतं?”

मी सांगितलं, पडायच्या आधी भांडं बारीक किणकिणतं. डाव्या कानात आलं तर डावीकडचं, उजव्या कानात आलं तर उजवीकडचं.

“हां,” ते म्हणाले. “मला वाटलं, माझा हातच जड झालाय.”

गेम करताना पहिला धडा हाच देतात की ज्याच्यासाठी करताय त्याला खेळायला लावून बघा. मी ज्या माणसावर गेम केला त्याला तो खेळताच येणार नव्हता, हे मी तपासलं नव्हतं, आणि तपासलं असतं तर मला त्यात आणखी एक विनोद सापडला असता. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

मी रडायला लागले तर ते गोंधळले. “असं नको करू, बेटा. तुझी दोस्त मंडळी होती समोर. होतं असं,” म्हणाले. मी विचारलं, “मॅडमना तुम्ही तसं का सांगितलंत?” तर म्हणाले, “तू सांगितलं होतंस ना तसं. मग मी वेगळं सांगून तुला खोटं पाडू?”

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या कानाला मशीन लागलं आहे. दुकानात ते लावतात, घरी काढून ठेवतात, म्हणतात की कुकरची शिट्टी डोक्यात जाते. बोलणं थोडं परत आलं आहे, पहिल्यासारखं नाही. बोलता बोलता मध्येच थांबतात आणि आईकडे बघतात, ती हातानं ‘ठीक आहे’ अशी खूण करते. ही सवय त्यांना माझ्यामुळे लागली.

दोन महिन्यांपूर्वी मी त्या मॅडमना ईमेल लिहिला. ते अंकल नव्हते, माझे वडील होते, हे सांगितलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. मला वाटलं होतंच, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि वडिलांना नमस्कार सांगायला सांगितलं होतं.

मी बाबांना निरोप दिला. त्यांनी मशीन कानात नीट बसवलं, परत सांगायला लावलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“त्यांना कशाला लिहिलंस?” ते म्हणाले. “उद्या नोकरी-बिकरीचं काही असलं तर? उगाच आपलं नाव खराब करून घेतलंस.”