मुन्शीसाहेब आणि शपथेची दोन पुस्तके

ठाणे, कार्तिक वद्य अष्टमी.

मुन्शी इब्राहीमसाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत असल्याने निघणाऱ्या या पुस्तकासाठी मी दिवाळीपूर्वी लेख देणार होतो. माझ्या मौनामुळे मंडळींना खोळंबावे लागले, त्याबद्दल क्षमा मागतो. आळस केला असे नाही. एका वाक्यापाशी अडलो होतो, आणि अजून अडलेलाच आहे.

साहेबांची ओळख ठाण्याच्या कोर्टात झाली. मी नवा वकील होतो, आणि कॉलेजात तत्त्वज्ञान वाचल्यामुळे सर्व धर्म आपल्याला कळतात असे मला वाटे. ते तिथले दुभाषी. कल्याणचे कोकणी मुसलमान, अरबी-फारसी जाणणारे, आणि मराठी आमच्याहून स्वच्छ बोलणारे. जबानी लिहून झाली की ते ती साक्षीदाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवीत, आणि तो "बरोबर" म्हणेपर्यंत कागद पुढे सरकू देत नसत. जज्जसाहेब चुळबुळ करू लागले की म्हणत, "शब्द त्याचे आहेत, हुजूर. त्याला एकदा परत दाखवायला नकोत?"

कोपरीजवळच्या मिठागराच्या बांधाचा दावा मला विशेष आठवतो. एका बाजूला पास्कू नावाचे ख्रिस्ती मिठागरवाले, दुसऱ्या बाजूला कासमभाई. दोघेही हट्टाला पेटले की समोरच्याने आपल्या धर्मपुस्तकावर हात ठेवून सांगावे, आपण मान्य करू. कोर्टाच्या नाझरांनी तत्परतेने मराठी बायबल आणि कुराणाचा हिंदुस्थानी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, आणून टेबलावर ठेवला. मला ती मांडणी फार न्यायाची वाटली.

पास्कूंनी हात मागे घेतला. "यो पुस्तक आमचा नाय, मुन्शीसाब. मिशनवाल्यांचा हाय. आमचे पाद्रीबावा सांगतील तो खरा."

कासमभाई हसले. "घ्या! पुस्तकाला हात लावायलाही याला पाद्री लागतो!"

मग तर्जुमा त्यांच्यापुढे सरकवला, तेव्हा तेही दचकले. "हा नुसता अर्थ आहे, नाझरसाहेब. हे कुराण नव्हे."

"आता तू कशाला मागं सरलास रं, कासम?" पास्कू म्हणाले, आणि सारे कोर्ट हसले.

बाहेर ओसरीवर साहेबांनी मला समजावले. "आमच्यासाठी कुराण म्हणजे खुद्द अल्लाचे बोलणे, तेही अरबीतच. तर्जुमा हा त्याचा खुलासा. ख्रिस्ती लोकांत देवाचा शब्द म्हणजे येशू स्वतः, आणि शुभवर्तमाने त्याची साक्ष देतात. पण पास्कू कॅथलिक, आणि हे मराठी बायबल प्रोटेस्टंट मिशनचे; पुस्तक कोणाच्या हातचे घ्यायचे, हे त्याला त्याचे चर्च सांगते."

"म्हणजे एक हुकूमनामा आणि दुसरी जबानी," मी म्हणालो.

"वकीलसाहेब, तुम्ही निकाल फार लवकर देता. जबानी म्हटली की लगेच उलटतपासणी घ्याल!"

पुढल्या तारखेला त्यांनी घरचे अरबी कुराण रुमालात गुंडाळून आणले, आणि पाद्रीबावांना विनंती करून त्यांच्या देवळातले पुस्तकही मागवले. ते लॅटिनमध्ये निघाले. पास्कूंना त्यातले अक्षर लागत नव्हते, कासमभाईंना अरबीचा अर्थ येत नव्हता. तरी ती दोन पुस्तके समोर येताच दोघेही शपथ न घेताच बांध निम्मा निम्मा करून घरी गेले. त्यांना अर्थाने थांबवले, शब्दाने की भीतीने? माझे तत्त्वज्ञान तिथेच संपले.

माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा साहेब कल्याणहून येऊन त्यांची गीता ऐकत बसत. एकदा वडिलांनी विचारले, "शेवटी सगळे एकच ना हो, मुन्शीसाहेब?" ते हात जोडून म्हणाले, "नाना, एकच म्हटले तर मी तुमचे नीट ऐकलेच नाही असे होईल."

म्हणूनच या गौरवग्रंथाच्या मंडळाचे चिटणीस गोविंदराव यांच्याशी माझा वाद झाला. ते म्हणतात, "लिहा की, मुन्शीसाहेबांच्या मते दोन्ही ग्रंथांचा अधिकार समान."

"असे ते कधीच म्हणाले नाहीत."

"मग काय, कुराण वरचढ असे छापू? पाद्रीबावा समारंभाला पाऊल तरी टाकतील का?"

त्यांचेही खरे आहे. पण 'समान' छापले, तर कल्याणच्या मशिदीत लोक साहेबांना विचारतील की या वयात इमान बदलले काय. आयुष्यभर दुसऱ्याचा शब्द जपणाऱ्याच्या तोंडी आम्ही परका शब्द घालणार, तोही गौरव म्हणून!

शेवटी मी असे लिहिले आहे : मुन्शीसाहेबांनी आपल्या ग्रंथावरची श्रद्धा तिळभर ढळू दिली नाही, आणि दुसऱ्याच्या ग्रंथाचा मान तो दुसरा स्वतः ठेवतो तसाच ठेवला. हे सत्य आहे की वकिली, मला सांगता येत नाही. त्यांना दीर्घ आयुष्य, निरोगी देह आणि शेवटपर्यंत असाच तीक्ष्ण कान लाभो, एवढे मात्र निःशंक मनाने मागतो.

उद्या : छापखान्यात देण्याआधी कल्याणास जाऊन हा लेख मुन्शीसाहेबांना वाचून दाखवणे.