पाठीशी इंजिन

कामशेतला मी दवाखाना टाकला तेव्हा लोणावळ्याहून रोज लोकलने जात असे. दवाखाना स्टेशनाला लागूनच होता, तिथवर काही त्रास नव्हता. त्रास पुढे होता. माझे निम्मे पेशंट पवनेकडच्या गावांतले आणि त्याहून वर डोंगरात असलेल्या वाड्यांमधले. एसटी सकाळी जाई, संध्याकाळी येई, आणि पावसाळ्यात तिचा भरवसा नसे. कुणी बोलवायला आलं की मी बैलगाडीत बसून जायची, तांदळाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जायची, एकदा तर दूधवाल्याच्या सायकलवर मागे बसून गेले. दूधवाला बिचारा वाटभर माझीच माफी मागत होता. त्या दिवशी घरी आले आणि ठरवलं, आता गाडी घ्यायची.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. नवी गाडी हवी तर नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मला तेवढी सवड नव्हती. कामशेतच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याने त्याची जुनी काळी मोटार देऊ केली. चार दारं, मागे ऐसपैस सीट, वर सामानाला जागा. दादांना ती एकदम पसंत पडली. दादा म्हणजे माझे वडील. रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर, म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. "डाक्टरला शोभंल अशी हाय, घेऊन टाक," असं ते म्हणाले आणि मीही जवळजवळ होकार कळवला.

त्याच आठवड्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यातून बोलावणं आलं. तिथे एकट्या राहणाऱ्या एक वयस्क बाई होत्या, त्यांना दम्याचा त्रास होता. त्यांना तपासून मी निघाले तेव्हा पाऊस जोरात आला, म्हणून गाडीखान्याच्या वळचणीला उभी राहिले. आत ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. फार बुटकं. मला वाटलं होडी असेल, तळ्याकाठचे लोक ठेवतात तशी.

बाई छत्री घेऊन मागोमाग आल्या. त्यांनीच ताडपत्री सारली.

पिवळ्या रंगाची गाडी होती, माझ्या कमरेइतकी उंच. दोनच सीटा. मुलगा इंग्लंडात शिकला, तिकडून येताना घेऊन आला, वर्षभर चालवली आणि अमेरिकेत कायमचा गेला, असं बाईंनी सांगितलं. गाडीची खुबी ही, की इंजिन पुढे नव्हतं आणि अगदी मागेही नव्हतं. सीटांच्या पाठीला लागून, मागच्या चाकांच्या अलीकडे, बरोबर पोटात बसवलेलं होतं. शर्यतीच्या गाड्यांना असं असतं म्हणे. त्यामुळे सगळं वजन मध्यावर येतं आणि वळणावर गाडी डगमगत नाही.

मुंबईची श्रीमंत पोरं दर रविवारी गाडी मागायला येतात, असं बाई म्हणाल्या. त्यांना ती घाटात पळवायची असते. त्यांना द्यायची नाही, हे बाईंचं पक्कं होतं.

"शोभेची म्हणून तिचं फार कौतुक झालं," त्या म्हणाल्या. "तिनं आता रोज कामाला जावं असं मला वाटतं. तुम्ही जाल का घेऊन?"

मी हसले. पण पाऊस थांबल्यावर त्यांनी किल्ली हातात दिली आणि मी ती घेतली. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षी मैत्रिणीच्या भावाने मला त्याच्या गाडीवर शिकवलं होतं, लायसन्स होतं. साडी नेसून त्या गाडीत बसणं ही मात्र वेगळी विद्या होती. आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. बसल्यावर आपण जवळजवळ रस्त्यावरच टेकलोय असं वाटतं, पाय लांब पुढे, आरामखुर्चीत पहुडल्यासारखे. इंजिन सुरू केलं तशी पाठीमागे कुणीतरी मोठ्याने घसा खाकरला.

वलवणच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी ती नेली. पहिलं वळण मी भीत भीत घेतलं. दुसऱ्या वळणाला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी फक्त वळणाकडे पाहिलं आणि गाडी वळली. पुढचं टोक आधी आणि मागचं नंतर, असं काही झालंच नाही. जणू मी जिथे बसले होते तिथेच खिळा ठोकला होता आणि सगळं माझ्याभोवती फिरलं. मी तिशीच्या पुढे होते, आयुष्यात कशाचीच मालकीण नव्हते, आणि त्या ओल्या रस्त्यावर एकटीच मोठ्याने हसत होते. परत येईपर्यंत माझं ठरलं होतं.

व्यापाऱ्याला नकार कळवला, त्याने दुसरं गिऱ्हाईक पाहिलं. बोलले ते बाकीचे. कंपाउंडरने विचारलं, पेशंट आणायची वेळ आली तर कुठे बसवणार? शेजारच्या बाईंनी विचारलं, उद्या लग्न झालं, मुलं झाली तर? हायवेवरच्या गॅरेजवाल्याने तर इंजिन पाहायला पुढचं झाकण उघडलं, आत स्टेपनी बघून तो थबकला आणि मग आपल्या माणसांना हाका मारून ती गंमत दाखवत बसला. मला त्या सगळ्यांचं पटत होतं. तरी गाडी घेतली, बाईंनी व्यापाऱ्याच्या मोटारीएवढेच पैसे घेतले.

दादा मात्र रागावले नाहीत.  गाडी दारात आणली त्या दिवशी ते उंबऱ्यातूनच बघत राहिले. जेवताना मग हळूच म्हणाले, "आपन कदी कुनाच्या डोळ्यात भरलो न्हाई. म्हनून निभावलं."

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत होते. त्याआधीचं दादांचं आयुष्य मला ऐकूनच ठाऊक. लांबून जायचं, कडेनं जायचं, कुणाच्या नजरेला येईल असं काही अंगावर घालायचं नाही. नोकरी मिळाली, मुलगी डॉक्टर झाली, तरी ती सवय त्यांच्या चालण्यात होती.

"दादा, आता भरू दे," मी म्हणाले.

त्यांनी ताटात हात धुतला आणि उठले. गाडीत मात्र बसले नाहीत. त्यांना बाजारात जायचं असेल तेव्हा मी बोलवायची, ते म्हणायचे पायी बरं वाटतं.

गाडीने मला काय काय शिकवलं ते पुढच्या उन्हाळ्यात कळलं. मागच्या डिकीत इंजिनाची धग येई, तिथे औषधं ठेवायची नाहीत. सापाच्या विषावरची लस बर्फाच्या डब्यात घालून पुढे स्टेपनीशेजारी ठेवायची. कामशेतची खिंड ओलांडून पवनेच्या बाजूला वळलं की खड्डे मोजत जायचं, कारण तिचं पोट जमिनीला फार जवळ. डांबर संपेल तिथे तिला वडाखाली उभी करायची आणि पुढे चालत वर जायचं. पण तिचा आवाज डोंगरात घुमे आणि माझ्याआधी वर पोचे. मी वाडीच्या वाटेला लागायच्या आतच बायका पोरांना घेऊन खाली उतरू लागलेल्या असत. कुणाला निरोप पाठवावा लागला नाही.

मग पावसाळा आला. श्रावणातल्या एका दुपारी वरच्या ठाकरवाडीतून एक माणूस धावत आला. सुनेला कळा लागून खूप वेळ झाला होता आणि सुईणीने हात टेकले होते. मी गेले, वडाखाली गाडी लावली, चिखलातून वर चढले. बाळ आडवं होतं. माझ्या हातातलं ते काम नव्हतं, तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडायला हवं होतं. वाडीतल्या पुरुषांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधली, तिला तीत घातलं आणि सगळे खाली आलो. सासू माझ्यामागे, अनवाणी.

गाडीत मी, शेजारी ती. तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. मी सासूला म्हणाले, "मावशी, तुम्हाला नेता येत नाही हो." ती म्हणाली, "म्या येते मागनं. तू हो म्होरं." आणि खरोखरच ती चालू लागली.

थोडं पुढे गेलो आणि थांबावं लागलं. येताना ओढ्यावरची जी मोरी मी ओलांडली होती, तिची एक बाजू मधल्या वेळात पाण्याने नेली होती. उरलेली वाट माणूस जाईल एवढी होती, गाडी जाईल एवढी नव्हती. एसटी त्या दिवशी आलीच नव्हती. इथून कामशेतपर्यंत हिला झोळीत न्यायची म्हणजे संध्याकाळ झाली असती, आणि तेवढा वेळ तिच्याजवळ नव्हता. मी गाडीतून उतरून त्या खड्ड्याकडे बघत उभी राहिले. मला कंपाउंडरचं बोलणं आठवलं, व्यापाऱ्याची काळी मोटार आठवली, आणि मग लक्षात आलं की तीही इथे अडलीच असती.

वाडीची माणसं मागून येऊन पोचली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने गाडीभोवती चक्कर मारली, पत्रा म्हणून जे होतं त्यावर टिचकी मारली. तो पत्रा नव्हता, फायबर होतं. त्याने मला विचारलं, "बाई, लय जड हाय का?"

मी म्हटलं, "नाही आबा, हलकी आहे. जड काय ते मध्यात आहे."

"मंग उचलू की. पोर उचलून आनली, आता हिला उचलू."

ते ओढ्याकाठच्या शेतात गेले, मांडवासाठी ठेवलेले दोन जाडजूड वासे घेऊन आले आणि गाडीच्या पोटाखालून आडवे घातले. जवळच्या गावातली लावणीची माणसं आवाज ऐकून आली होती, तीही वाशांना भिडली. कोण कुठला हे त्या वेळी कुणी बघितलं नाही. ताकदवान गडी मागच्या वाशाला, कारण तिकडे ओझं जास्त. सुनेला आधी झोळीतून पलीकडे नेलं. मग म्हाताऱ्याने हाळी दिली आणि माझी पिवळी गाडी जमिनीवरून उठली.

मला ते दृश्य विसरणं शक्य नाही. चाकं हवेत लोंबतायत, खालून लाल पाणी वाहतंय, दोन माणसं ओढ्यात मांडीपर्यंत उभी, आणि ती एवढी महागाची विलायती गाडी हळूहळू, एका बाजूला न कलता, पलीकडे चाललीय. पलीकडे टेकवल्यावर कुणी जयजयकार केला नाही. सगळे धापा टाकत होते. म्हातारा मला म्हणाला, "चल, बस आता."

सुनेला मी डाव्या कुशीवर केलं. ती सीट मुळातच मागे कललेली, तिला लवंडायला बरी पडली. ती भिजून थरथरत होती. खिंड चढताना इंजिन तापलं तशी पाठीमागच्या भिंतीतून ऊब येऊ लागली, उन्हाळ्यात मी जिला शिव्या देत असे तीच. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, "बाई, पाठीला बरं वाटतंय." मी एक हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि वळणं एका हाताने घेतली.

कामशेतला क्षणभर थांबून कंपाउंडरला फोन करायला सांगितलं होतं, त्यामुळे तळेगावला डॉक्टर तयारच होते. मुलगी झाली. सासू कामशेतपर्यंत चालत आणि पुढे लोकलने दिवेलागणीला पोचली. तिने आधी सुनेचं तोंड पाहिलं, मग नातीचं, आणि मग मला विचारलं की तुझ्या गाडीला काही लागलं तर नाही ना.

कामशेतच्या बाजारात ही गोष्ट माझ्याआधी फिरली आणि तिथून दादांकडे लोणावळ्याला पोचली.  दुसऱ्या दिवशी उठून बघते तर ते बादली घेऊन गाडीच्या पोटाखालचा चिखल काढत होते.

रविवारी ते स्वतःहून म्हणाले, "गावाकडं जाऊन येऊ." आमचं गाव पवनेच्या वाटेवरच. दादा वर्षाकाठी दोनदा जायचे, कामशेतहून चालत, आणि गावाबाहेरच्या पायवाटेने वळसा घालून आमच्या वस्तीवर. त्या दिवशी ते गाडीत बसले, मी सांगितलं तसे, आधी बसून मग पाय आत. गाव आलं तेव्हा मी सवयीने कडेच्या रस्त्याकडे वळू लागले.

"मधून घे," दादा म्हणाले.

चावडीवरून, देवळासमोरून, दुकानांवरून गाडी निघाली. माणसं ओट्यांवरून उठून बघत होती. पोरं धावत होती. दादा ताठ बसले होते, हात खिडकीवर. "हळू चालव," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. आधी मला वाटलं ते घाबरले. मग मी त्यांच्याकडे पाहिलं आणि आणखी हळू केली.

वस्तीवर मागचं झाकण उघडून त्यांनी सगळ्यांना इंजिन दाखवलं. चहा झाला. परत निघालो तेव्हा खिंडीत रस्ता मोकळा होता आणि धुकं नुकतं वर उचललं होतं.

"यापरीस जोरात जाती का ही?" दादांनी विचारलं.

जाते, मी म्हणाले.

"मंग जाऊ दे की."