हरसूलच्या खाचरात चार दिवस

नाशिकहून हरसूलची एसटी सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर लंबगोल चेंडू होता. कंडक्टर म्हणाले, "ताई, याचं तिकीट नाय लागत. पण हे हाय तरी काय?"

मी सांगितलं, ऑस्ट्रेलियन फुटबॉल. पायाने मारायचा, मुठीने ठोसायचा, पळताना मध्येमध्ये जमिनीवर आपटायचा. मी देवळ्याच्या कांदेवाल्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात हा खेळ शिकले, सहा वर्षं राज्याकडून खेळले. गुडघा गेला, तशी गळ्यात शिट्टी घातली. आता प्रशिक्षक म्हणून पहिल्यांदाच संघ चार दिवसांच्या स्पर्धेसाठी परराज्यात नेणार होते. राखीव खेळाडूची एक जागा उरली होती. उन्हाळी शिबिरात सर्वांत चपळ होती ती हरसूलची ज्योती, पण तिचे वडील सोडायला तयार नव्हते.

त्र्यंबक मागे पडलं, तसे ढग रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरं (बांध घातलेली भातशेतं). त्यातल्याच एकात ज्योतीचे वडील काशिनाथभाऊ गुडघाभर चिखलात उभे होते.

"आवणीत (भातलावणीत) पोर कशी सोडू? चार दिवस तिचे हात नेता, तर चार दिवस तुमचे द्या. सावड करा." सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायची रीत.

"शेतकऱ्याचीच मुलगी आहे मी," म्हणत साडी नव्हे, ट्रॅकपँट खोचली. ऐटीत एकेक रोप लावत सुटले. अख्खी ओळ झाल्यावर ज्योतीची आत्या ओरडली, "ओ म्याडम, कांदं लावता का? भाताला दोघी-तिघी जोडीला लागत्यात, एकटीला करमत नाय!"

बांधावर हसू फुटलं. मी ओळ पुन्हा लावली. दुपारी नागलीची (नाचणीची) भाकरी नि खुरासणीची (कारळ्याची) चटणी अशी काही लागली की विचारू नका. ज्योती मात्र लावत लावत भराभर मागे सरकत होती, नजर समोर. चार दिवसांत तिचा तोल एकदाही गेला नाही.

ज्योतीला घेऊन निघताना स्टँडवर काशिनाथभाऊंनी विचारलं, "तिथं हिला काय काम?"

मी खरं ते सांगितलं. "आधी बाहेर बसेल. कुणी दमलं, तर आत."

"सावडीला आलेल्या माणसाला आम्ही बांधावर बसवत नाय, म्याडम."

इतकी वर्षं खेळले, पण बाहेर बसलेलीचं घर कधी पाहिलं नव्हतं. नाशिक येईपर्यंत मी यादी पुन्हा लिहिली. राखीवांतून काढून मागच्या फळीत पहिलं नाव ज्योतीचं. कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "बाबांना फोन लावा ना."