तळघरातल्या पालींचं भाडं

जानेवारीत नॉर्वेतल्या आमच्या व्होल्डात दोनच आवाज येत: बर्फ उपसणाऱ्या गाडीचा आणि अर्नफिन औरस्तादच्या तळघरातल्या रातकिड्यांचा. बाहेर उणे नऊ, आणि या माणसाच्या घराच्या पायातून मात्र ऐन जुलैतल्या कुरणासारखी किरकिर. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला ती ऐकू यायची, आणि ती ऐकू येत नाही असं प्रत्येकाने आपापलं ठरवून टाकलं होतं. दर गुरुवारी प्रार्थनाघरात जाणाऱ्या एका बाईंनी अर्नफिनच्या बायकोला, योरुनला, "तुमच्या पाइपात काही अडकलंय का?" असं एकदा विचारलं. चौकशीची आमच्याकडची मजल तेवढीच.

रातकिडे हे खाद्य होतं. खाणाऱ्या पाली होत्या, तेहतीस. पिवळ्या, अंगावर बिबट्यासारखे ठिपके, जाड शेपटी, आणि चेहऱ्यावर कायम एखादी जुनी गंमत आठवल्यासारखं हसू. त्या काळी पाल, सरडा, साप यातलं काहीही घरी ठेवणं आमच्या देशात गुन्हा होता. त्याला चाळीस वर्षं होत आली होती, आणि अर्नफिन त्यातली एकोणीस वर्षं गुन्हेगार होता.

दिसायला तो तसा अजिबात नव्हता. पासपोर्टच्या फोटोतसुद्धा हा माणूस मागे उभा असेल असं वाटायचं. खाडीपलीकडच्या फोल्केस्ताला जाणाऱ्या फेरीबोटीवर तो तिकिटं द्यायचा, आणि धंदाही तिथेच चालायचा. ट्रॉन्डहाइमहून, मोल्दाहून गिऱ्हाईक गाडी घेऊन फेरीवर चढायचं आणि काच खाली करायचं. अर्नफिन आधी तिकीट द्यायचा, मग झाकणाला भोकं पाडलेला मार्गारिनचा डबा. अडीच हजार क्रोनर, रोख. पलीकडे उतरण्यासारखं गिऱ्हाइकाला काही काम नसल्यामुळे ते त्याच फेरीने परत यायचं. म्हणजे दर पालीमागे दोन तिकिटं खपायची. या सगळ्या व्यवहारात कायदेशीर कमाई एकट्या फेरी कंपनीची झाली.

अंडी उबवायला त्याने मासे पाठवायचे थर्माकोलचे खोके घेतले होते. मादी एका वेळी दोन अंडी घालते आणि मग थकल्याचं नाटक करते. पिल्लं दोन महिन्यांनी. अर्नफिन रोज दोन तास खाली असायचा. वर आला की त्याच्या अंगाला ओल्या भुशाचा वास यायचा आणि तो जेवताना कुठेतरी लांब बघत बसायचा.

आता योरुनबद्दल. ती बचत बँकेत कर्ज विभागात होती. कर्ज नाकारताना ती इतकी नीट समजावून सांगायची की लोक आभार मानून बाहेर पडत. राहत्या घराचं तळघर भाड्याने दिलं तर त्यावर आमच्याकडे कर नाही. संसदेने केलेला एवढा एकच कायदा आमच्या भागात लहानथोरांना तोंडपाठ आहे. व्होल्डात कॉलेज असल्यामुळे विद्यार्थी आहेत, आणि विद्यार्थी असल्यामुळे प्रत्येक घराखाली एक विद्यार्थी आहे. फक्त औरस्तादांच्या घराखाली पाली.

"तळघराचे महिन्याला पाच हजार येतात," योरुन एक दिवस म्हणाली होती. "विद्यार्थी निदान बाहेर जाताना दिवा बंद करतो. तुझ्या पाली करतात?"

"पाली पार्ट्या करत नाहीत."

"वर्षाचे साठ हजार. ते त्यांनी दिले तर तळघर त्यांचं, नाही दिले तर माझं. दर डिसेंबरात मी विचारणार."

दर डिसेंबरात ती विचारायची आणि अर्नफिन स्वयंपाकघरातल्या टेबलावर साठ हजारांचं पाकीट ठेवायचा. वर्षाला चौतीसेक पिल्लं खपायची. योरुनचे साठ हजार, शिवाय वीज आणि किडे मिळून एकवीस हजार वजा जाता त्याला स्वतःला चार हजार उरायचे. तासांनी भागलं की तासाला साडेपाच क्रोनर. फेरीवरची कॉफी पंचवीसला होती. तरी त्याची तक्रार नव्हती. तळघर राहिलं होतं.

आता यातली गंमत अशी की पालीला अडीच हजार मिळायचे ते केवळ पालीवर बंदी होती म्हणून. सीमेपलीकडे स्वीडनमध्ये तीच पाल तीनशेला मिळायची. म्हणजे त्याच्या धंद्यात एकच भरवशाचा भागीदार होता, तो म्हणजे सरकार. आणि अर्नफिन गेली अकरा वर्षं बंदी उठवा म्हणणाऱ्या संघटनेचा सचिव होता. अर्ज त्याचे, निवेदनं त्याची, मंत्र्यांना नाताळची कार्डंही तोच पाठवायचा. आजारी पाल डॉक्टरकडे नेता येत नाही, गाईच्या डॉक्टरला कोड्यात विचारावं लागतं, याची त्याला मनापासून लाज वाटायची. स्वतःच्या पोटावर एवढ्या चिकाटीने लाथ मारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

संघटनेची वार्षिक सभा ओलेसुंदला, एका शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात भरायची. वाफल, जाम, तपकिरी चीज आणि चाळीस सभासद, ज्यांच्यापैकी कोणाकडेही कायद्याने काहीही नव्हतं. त्यामुळे सगळी चर्चा एका विशिष्ट भाषेत व्हायची. मी एकदा गेलो होतो अर्नफिनबरोबर, वाफलसाठी.

"समजा एखाद्याकडे अजगर आहे," एक म्हणाला, "आणि समजा तो तीन आठवडे जेवला नाही."

"समजा त्या एखाद्याने उंदीर कोमट करून दिला तर?"

"समजा दिला. हुंगतो आणि तोंड फिरवतो."

"मग समजा तो प्रेमात पडलाय. वसंतापर्यंत थांब."

अध्यक्ष वेंके सेत्रे, वृद्धाश्रमात नर्स, आवाज असा की ऐकू न येणारेही औषध घेतात. तिच्या बाहीतून त्या दिवशी काहीतरी हललं. समजा, हललं.

आणि मग अन्न सुरक्षा खात्याचं पत्र आलं. सरपटणारे प्राणी आमच्याकडे अन्न खात्याकडे असतात. कोणी खात नाही, पण फाइल कुठेतरी ठेवायला हवी. बंदी उठवायचा विचार आहे, म्हणे. पण सरसकट नाही. सांभाळायला सोप्या प्राण्यांची एक यादी करायची आहे, तरी जाणकार संघटनेने नावं सुचवावीत. यादीत नसेल त्यावर बंदी कायम.

योरुनने ते पत्र एकदाच वाचलं. "तुझी पाल या यादीत गेली की तळघर माझं," ती म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

तीन दिवसांनी अर्नफिन माझ्याकडे मसुदा घेऊन आला. मी निवृत्त भाषाशिक्षक, त्यामुळे या रस्त्यावरचे सगळे अर्ज आणि निम्म्या मृत्युवार्ता माझ्या टेबलावरून जातात. अजगर होता, मका-साप होता, दाढीवाला सरडा होता. ठिपक्यांची पाल नव्हती. तिच्यासाठी वेगळा परिच्छेद होता: 'ही पाल अत्यंत नाजूक, सांभाळण्यास कठीण असून नवख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.'

"हे खरं आहे?" मी विचारलं.

"तू व्याकरण बघ."

"व्याकरण चोख आहे."

"मग झालं तर." तो माझ्याकडे न बघता उठला, बूट उलटसुलट घातले, पुन्हा बसून नीट घातले.

सभा नोव्हेंबरात. वेंकेने मसुदा मोठ्याने वाचला आणि त्या परिच्छेदाशी थबकली. "हे कोणी लिहिलंय? समजा माझ्या आश्रमातल्या एक्क्याण्णव वर्षांच्या बाईकडे ही पाल आहे. तिला मुलाचं नाव आठवत नाही, पण पालीला किडे द्यायचे आठवतात. नाजूक?"

अर्नफिन इतिवृत्त लिहीत होता. लिहीतच राहिला. तेवढ्यात मागून फ्रोदे बोलला. फ्रोदे सापवाला, सापवाले पालवाल्यांकडे मोटारवाले सायकलवाल्यांकडे बघतात तसे बघतात.

"काढून टाका हो ती पाल," फ्रोदे म्हणाला. "मठ्ठ जनावर. त्यापेक्षा दगड पाळावा, दगडाला विजेचं बिल येत नाही. आणि समजा कोणाकडे असल्याच, तर तो पैशासाठीच ठेवत असणार. दुसरं आहे काय त्यात?"

सगळे हसले. घेतो म्हटलं तर अर्नफिनच्या हातात सगळं होतं. मान हलवायची, मतदान घ्यायचं, पाल यादीबाहेर, तळघर आपलं. फ्रोदेने फुकटात काम करून दिलं होतं.

अर्नफिनने पेन खाली ठेवलं.

"मठ्ठ?" तो उभा राहिला. "माझ्याकडे तेहतीस आहेत."

सुतारकामाच्या वर्गात कोणी वाफल चावेना. अकरा वर्षांत त्या खोलीत 'समजा' शिवाय वाक्य उच्चारलं गेलं नव्हतं.

"घाण करते ती एकाच कोपऱ्यात," अर्नफिन म्हणाला, "तुझ्या अजगराला जमतं? हात पुढे केला की आधी हुंगते, मग चढते, मग मनगटावर झोपते. माझी एक सतरा वर्षांची आहे, आता तिला दिसत नाही, तरी माझं पाऊल जिन्यावर वाजलं की पुढे येते. आणि सांभाळायला अवघड काहीही नाही. माझा मेव्हणासुद्धा सांभाळेल. तो परिच्छेद खोटा आहे. मी लिहिला."

"बस खाली, अर्नफिन," वेंके हळू म्हणाली, म्हणजे शेजारच्या वर्गापर्यंतच ऐकू गेलं. "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

सचिव तोच. त्याने विचार केला आणि लिहिलं: 'सचिवांनी, समजा, तेहतीस पाली असल्याचे सांगितले.' पाल एकमताने यादीत गेली. फ्रोदेनेही हात वर केला.

घरी योरुन कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पाल यादीत गेली," अर्नफिनने सांगितलं.

"कोणी घातली?"

"मी."

तिने उशीच्या अभ्र्याची घडी पुरी केली. "बरं. आपण ठरल्याप्रमाणे डिसेंबरात बोलू. या वर्षीचं पाकीट आहे ना? मग पुढच्या डिसेंबरात."

पुढच्या ऑगस्टात सरकारने यादी जाहीर केली. एकोणीस प्राणी, त्यात ठिपक्यांची पाल. संघटनेने केक कापला. अर्नफिनने दोन तुकडे खाल्ले. महिन्याभरात ओलेसुंदच्या एका दुकानात परदेशातून आलेली पिल्लं काचेत बसली, पाचशे पंच्याण्णवला एक, वर माहितीपत्रक फुकट. अर्नफिनने आयुष्यात पहिल्यांदा उघड जाहिरात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला गिऱ्हाईक म्हणजे काय ते कळलं. चोरून घेणारा माणूस घासाघीस करत नाही. आता फोन यायचे: दोन घेतल्या तर काय? शेपूट जरा बारीक नाही का? अर्स्टाच्या एका बाईने साडेतीनशेपर्यंत आणलं, आणि वर विचारलं, "डबा त्यातच ना?"

"डब्याचं काही नाही."

"मग आणखी एक द्या. रिकामा."

कायद्याने आता डॉक्टरही मिळाला. त्याच्या आंधळ्या म्हाताऱ्या पालीच्या पोटात गाठ झाली, ती काढायला एकोणीसशे क्रोनर. योरुनने बिल पाहिलं. "एवढ्यात जवळपास पाच नव्या आल्या असत्या."

"आल्या असत्या," अर्नफिन म्हणाला, आणि खाली गेला.

डिसेंबरात टेबलावर पाकीट नव्हतं. बावीस पिल्लांचे दहा हजार आले होते आणि चोवीस हजार गेले होते. योरुनने विचारलं नाही. तिने संगणक उघडला आणि जाहिरात टाकली: तळघर, दोन खोल्या, स्वतंत्र दार, पाच हजार, वीज वेगळी, धूम्रपान नाही. शेवटी एक ओळ होती: प्राण्यांबाबत विचारावे. योरुन कधीही मोघम लिहीत नाही. ती ओळ मी दोनदा वाचली.

बारा अर्ज आले. अकरा विद्यार्थ्यांचे. दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजला. योरुन, तीस मीटरवरून.

"एका अर्जदाराने ओळखीचा माणूस म्हणून तुझं नाव दिलंय. अर्नफिन औरस्ताद. वय चोपन्न, फेरीवर नोकरी."

"ओळखतो," मी म्हणालो.

"पैसे वेळेवर देईल?"

"त्याची फेरी वेळेवर सुटते."

"दारू?"

"नाताळला."

"बायको वगैरे?"

"आहे. कडक आहे, म्हणतात."

"घरमालकिणीच्या दृष्टीने ते चांगलंच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पैसे आले कुठून, तर अर्नफिनने स्वतःची मासेमारीची छोटी बोट विकली. अर्स्टाच्या एका दातांच्या डॉक्टरला, बासष्ट हजारांना. आमच्याकडे माणसाने घर सोडलं तर लोक कारण विचारतात. बोट विकली तर पाद्री भेटायला येतो. खरोखरच आला. कॉफी घेतली, तळघर बघितलं, एक पाल मनगटावर घेऊन बराच वेळ बसला आणि मग गेला. करार छापील नमुन्यावर झाला, साक्षीदार मी. तीन महिन्यांची अनामत योरुनने सोडली नाही. उरलेल्या पैशांत नऊ महिने निघत होते. पुढच्यासाठी अर्नफिनने रविवारच्या पाळ्या मागून घेतल्या. धंद्याचा हिशेब त्याने आता बंदच केला. एवढी वर्षं पाली त्याला पोसत होत्या की तो पालींना, याची निदान आता कोणाला शंका उरली नव्हती.

फेब्रुवारीत मी योरुनकडे कॉफी पीत बसलो होतो. दार वाजलं. बाहेरचं, बर्फातलं. अर्नफिन उभा, टोपी हातात, काखेत करार.

"मालकीणबाई आहेत का?"

"बोला," योरुन म्हणाली.

"उत्तरेच्या खिडकीतून वारा येतो. आतल्या खोलीत सतरा अंश. कलम सहाप्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाकडे आहे."

"तोंडी तक्रार चालत नाही."

त्याने कागद दिला. लेखी होती, तारखेसह. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

"खिडकी बदलायला चौदा हजार लागतील, अर्नफिन. जवळजवळ तीन महिन्यांचं भाडं. पालींसाठी?"

"भाडेकरूसाठी."

त्याच्या टोपीतून बर्फ वितळून तिच्या फरशीवर थेंब पडत होते. मग तिने फोन उचलला आणि सुताराला लावला.

"मंगळवारी येशील का? हो, तळघरात. काय सांगू, भाडेकरू कटकट्या मिळालाय." ती थांबली, सुतार काहीतरी बोलत होता. "छे, काढत नाही. पहिल्या तारखेला पैसे देतो. आणि येताना खिडकी दुहेरी काचेची आण, तिहेरी असली तर तिहेरी."